चौकशीबाईंची चौकशी

बाई,

तुमच्यावर लिहितेय म्हटल्यावर तुम्ही फोनवर जे हसलात, ते मला अजिबात आवडलं नाही. ‘माझ्यात काय आहे लिहिण्यासारखं’ असं जन्मभर राबलेल्या बायका म्हणतात, आणि काडीचं काम न केलेले पुरुष आत्मचरित्रं छापून मोकळे होतात. तेव्हा जरा गप्प बसा आणि वाचा. चूक सापडली तर समासात लिहा, तुमचं अक्षर मला लागतं. एकच अडचण आहे. तोंडावर कौतुक करायची मला सवय नाही, आणि ‘तुम्ही तुम्ही’ करत अख्खी गोष्ट सांगायला लागले तर निम्म्यातच मी चिडेन. म्हणून इथून पुढे तुम्ही म्हणजे ‘त्या’. दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट ऐकतोय असं समजा.

तर, विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत जिन्याच्या पोटात एक खिडकी होती. वरच्या पाटीवर कधीकाळी ‘चौकशी’ असं लिहिलेलं होतं. त्यातला ‘शी’ ओलीने पुसला गेला आणि नुसता ‘चौक’ राहिला. जिन्याखाली कसला आलाय चौक, पण चाळीस हजार मुलं त्या जागेला चौकच म्हणायची. खिडकीमागे ज्या बसायच्या त्यांना विद्यापीठातली माणसं चौकशीबाई म्हणत आणि मुलं मावशी म्हणत. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, केस मागे घट्ट ओढून बांधलेले. खुर्चीवर दोन जाड उशा घेतल्याशिवाय त्या खिडकीतून दिसायच्याच नाहीत. नव्या मुलांना वाटे, बाई चांगल्या उंच आहेत. मग कधीतरी त्या जिन्यावर समोरून येत आणि मुलं ओळखच विसरून जात.

विद्यापीठ अवाढव्य होतं. अकरा इमारती, त्यातल्या दोघींचं नाव ‘नवी इमारत’, आणि त्या दोघींतली जास्त नवी होती ती तीस वर्षांची. एका मुलाला नाव दुरुस्त करून घ्यायचं असेल तर चार मजले, तीन सह्या आणि एक शिक्का. हे कुठे मिळतं ते कुठल्याही फलकावर नव्हतं. ते फक्त जिन्याखाली मिळायचं.

बाई नोकरीला लागल्या तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठ कारकुनाने त्यांना धंद्याची किल्ली दिली होती. समोरच्याला काय सांगावं ते सुचलं नाही की ‘उद्या या’ म्हणायचं. निम्मे लोक येतच नाहीत, आणि आले तरी तोवर आपलं काहीतरी ठरलेलं असतं. बाईंनी ती किल्ली पहिले सात महिने इमानाने वापरली. मग एक मुलगी आली, परीक्षेच्या अर्जाबद्दल विचारायला. बाईंच्या हातात दुसरं काम होतं. त्या म्हणाल्या, उद्या या. मुलगी गेली. अर्जाची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती, हे बाईंना ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी हजर. न रडता, न भांडता, पत्ता सांगावा तशी म्हणाली, “तुम्ही सांगितलंत म्हणून मी उद्या आले.”

तिचं वर्ष गेलं. बाई तिच्यासाठी सगळ्या टेबलांवर फिरल्या, हातापाया पडल्या, काही उपयोग झाला नाही. ‘मी उद्या आले’ हे वाक्य मात्र त्यांच्या पायात काट्यासारखं मोडलं ते मोडलंच. त्या दिवसापासून ‘उद्या’ हा शब्द त्या खिडकीतून बाहेर पडला नाही. मंगळवारी, बुधवारी, चौदा तारखेला, असं काय ते नाव घेऊन सांगायचं. घरीसुद्धा तीच तऱ्हा. त्यांचे यजमान शहर बसचे चालक. ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत की आमच्या घरात आज आहे, परवा आहे, मधला दिवस हिने काढून टाकलाय.

आणि नुसतं तोंडी सांगून भागत नाही, हेही बाईंच्या लक्षात आलं. भांबावलेल्या मुलाला चार गोष्टी सांगितल्या की तो दुसऱ्या वळणावर दोन विसरतो. म्हणून चिठ्ठी. रद्द झालेले पाठकोरे अर्ज जमवायचे, पट्टीने फाडून चार तुकडे करायचे आणि मागच्या बाजूला लिहायचं. चिठ्ठीचा साचा ठरलेला होता. कुठे. कोण. कधी. कागद कुठले. आणि सगळ्यात शेवटी, काय म्हणायचं.

नमुना म्हणून एक देते. ‘जुनी नवी इमारत, दुसरा मजला, हिरवं दार. हिरवी दोन आहेत, कडी तुटलेलं ते. मिशीवाले. साडेदहाच्या आधी नको, चहा होऊ दे. मूळ गुणपत्रिका दाखवा, हातात देऊ नका. माझं काम झालं का, असं विचारू नका. माझा अर्ज कुठल्या टेबलावर आहे, असं विचारा.’

शेवटच्या ओळीत सगळं मर्म होतं. ‘झालं का’ला ‘नाही’ म्हणता येतं. ‘कुठल्या टेबलावर’ म्हटलं की माणसाला उठून बघावं लागतं. बाईंनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. मी पुस्तकं बरीच वाचली आहेत, त्यांत नाही.

ही सगळी माहिती त्या जमवत मधल्या सुट्टीत. डबा घेऊन रोज वेगळ्या टेबलाशी जाऊन बसायच्या. आज पात्रता विभाग, परवा शिष्यवृत्ती. लोकांना वाटे, बाईंना भारी नाक खुपसायची खोड. असेना का. कोण रजेवर जाणार, कुणाच्या शिक्क्याची शाई वाळली आहे, कुणाचं साहेबांशी बिनसलंय, सगळं डब्याबरोबर पोटात. एकदा तर चिठ्ठीवर होतं, ‘आज नको, त्यांची दाढ दुखते आहे. गुरुवारी काढणार. शुक्रवारी जा.’ ज्यांनी शुक्रवारी जाऊन काम करून घेतलं, त्यातले दोघे आज स्वतः दातांचे डॉक्टर आहेत, असं बाई सांगतात. हे मला पटलेलं नाही.

चिठ्ठ्या हातोहात फिरायच्या. एकाचं काम झालं की तो ती दुसऱ्याला द्यायचा. वसतिगृहात आरशाच्या कडेला चिठ्ठ्या खोचलेल्या असत, कडा मऊ पडलेल्या. पण हे बाईंना माहीत नव्हतं. काम झालेला मुलगा खिडकीवर परत कशाला येईल? तो गावभर उंडारतो. खिडकीवर येतो तो नव्या अडचणीत सापडलेला. म्हणजे अठ्ठावीस वर्षं बाईंना फक्त रडवेली तोंडं दिसली, आणि आपलं काम बरं चाललंय की वाईट, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

अशात नवे कुलगुरू आले आणि त्यांनी विद्यार्थी आनंद समिती नेमली. नाव ऐकूनच निम्म्या प्राध्यापकांची तोंडं कडू झाली. अध्यक्ष मानसशास्त्राचे प्राध्यापक, मऊ बोलणारे. सदस्यांत परीक्षा नियंत्रक, ज्यांचा आवाज तिसऱ्या मजल्यावर निघाला की तळमजल्यावर कागद हलत. आणि आकडे मोजायला संख्याशास्त्र विभागातून निवृत्त झालेली एक म्हातारी. ती मीच, पण इथे तिला फार बोलू देणार नाही.

मुलांना प्रश्नावली वाटली. शेवटचा प्रश्न होता, विद्यापीठात तुम्हाला सर्वांत जास्त आनंद कशाने होतो? एका शब्दात लिहा. एका शब्दात, कारण संगणकाला एकच शब्द मोजता येत होता. नऊ हजार मुलांनी उत्तरं दिली. पहिला आला ‘मित्र’. दुसरी ‘सुट्टी’. इथवर कुणाला आश्चर्य वाटलं नाही. तिसरा शब्द होता ‘चिठ्ठी’. अकराशे चाळीस मुलांनी लिहिला होता. ग्रंथालय नववं, ‘झोप’च्याही खाली. ज्यावर सगळ्यात जास्त खर्च झाला होता ते आवारातलं कारंजं एकाही मुलाला आठवलं नव्हतं.

बैठकीत आकडे वाचले गेले. अध्यक्षांचा चेहरा हळूहळू उजळला. त्यांच्या मते ही तरुण पिढीची हळवी बाजू होती. मुलं पुन्हा हाताने प्रेमपत्रं लिहू लागली आहेत, यावर एक शोधनिबंध होऊ शकतो. परीक्षा नियंत्रकांचा चेहरा मात्र काळवंडला. आयुष्यभर त्यांनी चिठ्ठी एकाच ठिकाणी पाहिली होती, परीक्षेच्या दालनात, मुलांच्या बाहीत. ते टेबलावर हात आपटून म्हणाले की अकराशे मुलं कॉपी करतात आणि वर आम्हाला लेखी कळवतात की त्यात फार आनंद आहे. इतका निर्लज्जपणा त्यांनी सव्वीस वर्षांत पाहिला नव्हता.

परिपत्रक निघालं. चिठ्ठी बाळगणाऱ्यावर कडक कारवाई. पुढच्या परीक्षेला दारात खिसे तपासले गेले. आणि खरंच सापडल्या, तीन दिवसांत साठ-सत्तर. नियंत्रकांनी त्या मोठ्या विजयाने टेबलावर पसरल्या आणि वाचायला घेतल्या. हिरवं दार. कडी तुटलेलं ते. मिशीवाले. आज नको, गुरुवारी. कुठल्याही विषयाच्या अभ्यासक्रमात हे बसेना. म्हणजे ही सांकेतिक भाषा, असा त्यांनी निष्कर्ष काढला. टोळी मोठी आहे. एका शिपायाला विद्यापीठातली हिरवी दारं मोजायला पाठवलं. सतरा निघाली, कारण रंगाऱ्याकडे एकदा हिरवा रंग उरला होता.

समितीसमोर ते एकेक चिठ्ठी पुरावा म्हणून मोठ्याने वाचू लागले. अकरावी की बारावी हातात आली. ‘तिसरा मजला, शेवटची खोली. मोठे साहेब. ओरडतात. ओरडणं संपेपर्यंत उभं राहा, मध्ये बोलू नका. चष्मा काढला की समजा झालं. सही करतात.’ शेवटचा शब्द तोंडातून निघेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मग आलं. खोलीत कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मी पाहिलं.

अक्षर कुणाचं ते शोधायला वेळ लागला नाही. पाणी घेऊन आलेला शिपाई बिचारा भोळेपणाने म्हणाला, हे तर आमच्या चौकशीबाईंचं. त्याच दुपारी बाईंना टंकलेला कागद गेला. ‘आपण सोमवारी अकरा वाजता चौकशीसाठी हजर राहावे.’ बाईंनी वाचला, घडी घातली आणि शिपायाला म्हणाल्या की मी रोजच असते की हजर, सोमवारी वेगळं काय? शिपायाला खिडकीच्या आत वाकून हलक्या आवाजात सांगावं लागलं, “बाई, ही आपली चौकशी नव्हे. ही तुमची चौकशी.”

मग मात्र त्या हबकल्या. दोषी ठरलेल्या माणसाला काढून टाकत नसत, तळघरातल्या अभिलेख कक्षात पाठवत. तिथे मांडणीवर छतापर्यंत गठ्ठे, एक दिवा, आणि आधी पाठवलेला एक कारकून, जो आता गठ्ठ्यांशी बोलायचा. बाईंच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. यजमान म्हणाले, आत्ताच सोड नोकरी, मुलगी केव्हापासून बोलावते आहे, जाऊ तिच्याकडे. पगाराचा किंवा अपमानाचा मुद्दा बाईंच्या डोक्यातच नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या, “अहो, तिथे कुणी काही विचारायला येत नाही.”

रविवारी त्यांनी सवयीने स्वतःसाठीच चिठ्ठी लिहिली. कुठे: सभाकक्ष, तिसरा मजला. कोण: पाच जण, मधोमध मऊ बोलणारे, त्यांच्यावर विसंबू नये. कधी: अकरा, साहेबांचा चहा पावणेअकराला होतो. कागद: काही नाही. काय म्हणायचं, याच्यापुढे त्यांची लेखणी अडली ती अडलीच. चिठ्ठी तशीच टेबलावर ठेवून त्या कपडे वाळत घालायला गेल्या. परत आल्या तर रिकाम्या जागी यजमानांच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘रोज म्हणतेस तेच.’

सोमवारी बाई आल्या. सभाकक्षाच्या खुर्चीवर उशा नव्हत्या. टेबलावर त्यांचा चष्मा आणि वरचं तेवढंच दिसत होतं. अध्यक्षांनी प्रेमळपणे विचारलं की तुम्ही मुलांना चिठ्ठ्या देता हे खरं का? खरं. कधीपासून? अठ्ठावीस वर्षं. नियंत्रक पुढे झुकले. परीक्षेत मदत व्हावी म्हणून? बाई म्हणाल्या की परीक्षेला बसता यावं म्हणून. पुढचं साहेब तुम्ही बघता.

मग त्यांनी ती चिठ्ठी बाईंच्या पुढ्यात सरकवली आणि हे मोठे साहेब कोण, असं विचारलं. बाईंनी चिठ्ठी नीट वाचली, जणू दुसऱ्या कुणी लिहिली होती.

“तुम्ही,” त्या म्हणाल्या.

“मी ओरडतो?” ते ओरडले.

“ओरडता, साहेब. पण ओरडून झालं की सही करता. खाली गोड बोलणारे पुष्कळ आहेत, ते सही करत नाहीत. मुलं तुमचा आवाज जिन्यातच ऐकून माघारी फिरायची. म्हणून लिहावं लागलं.”

नियंत्रकांनी चिठ्ठी परत घेतली. बराच वेळ वाचत बसले. सहा ओळी वाचायला एवढा वेळ लागत नाही. शेवटी साध्या आवाजात, आणि तो आवाज त्यांच्याकडे आहे हे आम्हाला प्रथमच कळत होतं, त्यांनी विचारलं की चष्म्याचं काय आहे? बाई म्हणाल्या, तुम्ही सही करताना चष्मा काढता ना. नियंत्रकांनी नाकावरच्या चष्म्याला हात लावून पाहिला. त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

तेव्हा संख्याशास्त्रवाल्या म्हातारीने तोंड उघडलं आणि अकराशे चाळीस मुलांचा हिशेब सांगितला. ही ती चिठ्ठी. मुलांना आनंद कशाने होतो हे शोधायला आपण समिती बसवली, उत्तर आलं, आणि आपण त्याचे खिसे तपासले. मी सौम्य शब्द वापरायला हवे होते, असं नंतर अध्यक्ष म्हणाले. सौम्य शब्दांवर त्यांची मक्तेदारी होती, मी हात लावला नाही.

बाईंना आधी कळेचना. अकराशे कशाला, असं त्या विचारत राहिल्या. नीट उलगडून सांगितलं की बाई, मुलांनी तुमची चिठ्ठी लिहिली आहे, मित्र आणि सुट्टी यांच्या खालोखाल. मला वाटलं, आता डोळ्यांना पदर लागणार. छे.

“प्रश्न नीट वाचत नाहीत हो ही मुलं,” त्या म्हणाल्या.

खिडकी वाचली. नियंत्रकांनी स्वतःच्या हाताने ‘दोष आढळला नाही’ असं लिहिलं, चष्मा काढून. पण समितीला एकदा आनंद सापडल्यावर ती तो आहे तसा कसा राहू देईल? महिन्याभरात छापील चिठ्ठी आली. ‘आनंद चिठ्ठी, नमुना क्रमांक तीन’. वर विद्यापीठाचं बोधचिन्ह, खाली नऊ रकाने, आणि प्रत्येक चिठ्ठीवर विभागप्रमुखाची सही. ती सही कुठे मिळते हे विचारायला मुलं पुन्हा जिन्याखाली. रांग दाराबाहेर गेली.

बाईंनी तक्रार केली नाही. त्यांनी छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलला, उलटा ठेवला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागल्या. आतापर्यंत पाठकोरे शोधत फिरावं लागायचं, आता विद्यापीठ छापून देतं, असं त्या मला म्हणाल्या, अगदी मनापासून. वार्षिक अहवालात नमुना क्रमांक तीनचा खप पाहून समितीचा सत्कार झाला.

आणखी एक सांगायचं राहिलं. पुढच्या वर्षी एका दुपारी परीक्षा नियंत्रक मुलांच्या रांगेत उभे दिसले. त्यांचा स्वतःचा रजेचा अर्ज तीन आठवडे कुठे अडकला होता देव जाणे. पाळी आल्यावर त्यांनी शक्य तितक्या हळू विचारलं, आणि ते जिन्याच्या टोकाला ऐकू गेलं. बाईंनी चिठ्ठी लिहून दिली. कुठे, कोण, कधी, कागद. काय म्हणायचं, याच्यापुढे होतं, ‘काहीही, पण हळू.’ अर्ज त्याच दिवशी निघाला म्हणतात.

तीन वर्षं बाई त्या दोन उशांवरच बसल्या, आणि उठल्या त्या निवृत्त होऊनच.

आता पुन्हा तुम्ही. शेवटच्या आठवड्यात मी खिडकीवर आले होते, सहज. मागे रांग असताना तुम्ही माझ्याशी गप्पा मारत नाही, तेव्हा काहीतरी काम सांगायचं म्हणून मी बोलून गेले की माझं स्वतःचं पदवी प्रमाणपत्र मी कधी नेलंच नाही. पदवीदानाच्या दिवशी मला ताप होता, मग नोकरी लागली, तात्पुरत्या दाखल्यावर सगळी नोकरी निघाली, हजारो मुलांना पदव्या दिल्या आणि माझी इथेच कुठल्यातरी कपाटात पडून आहे. तुमचा चेहरा असा झाला की जणू मी चोरी कबूल केली. तुम्ही लेखणी उचललीत आणि खाली ठेवलीत. म्हणालात, याला चिठ्ठी पुरायची नाही, ही फार जुनी गोष्ट आहे, मी स्वतः बरोबर येते. नोकरी संपली की पहिल्या सोमवारी, साडेदहाला, दोघी मिळून जाऊ, आणि यावेळी मीही खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभी राहीन.

तो सोमवार येऊन गेला, बाई. तुम्ही मुलीकडे सामान लावत होतात आणि कळवायचं विसरलात, असं तुम्ही पुढे कधीतरी फोनवर सांगितलंत. मी रागावल्याचं नाटक केलं. खरं म्हणजे मीही गेले नव्हते. गुडघे दुखत होते, पंखा दुरुस्त करणारा यायचा होता, आणि दहा वाजता मी पुन्हा पांघरूण ओढून झोपले होते. पदवी अजून त्या कपाटातच आहे.